तोडलेली की झाकलेली

औषधाच्या दुकानाच्या पाटीवर दोन चुका होत्या, आणि सातवीतल्या त्या मुलीने आत जाऊन त्या दुकानदाराच्या तोंडावर सांगितल्या. बरोबर आलेला मामा हसून हसून बेजार झाला. त्या दिवसापासून तो तिला 'मास्तरीण' म्हणायला लागला आणि घरीदारी तेच नाव पडलं. पुढे ती खरोखरच त्या कामाला लागली, फक्त शाळेत नाही, छापखान्यात. दिवसभर दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका हुडकायच्या आणि लाल पेनाने सरळ करायच्या. नजर अशी की पानाकडे बघता बघता चूक आपण होऊन उभी राहायची.

घरात ती आणि बाबा, दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात इलेक्ट्रिशियन होते, निवृत्तीला सात महिने उरलेले. मामाही तिथेच फिटर. त्याला बाबांनीच तिथे चिकटवला होता. हल्ली बाबांची रात्रपाळी असायची आणि मामाची दिवसपाळी.

पूर्वी बाबा पाळी संपली की मामाची वाट बघत थांबायचे. एक चहा व्हायचा, रात्री काय झालं ते तोंडी सांगितलं जायचं, आणि मग बाबा घरी यायचे. आठ महिन्यांपूर्वी नवा साहेब आला. कपड्यांना सुरकुती म्हणून नसायची, त्यामुळे कामगारांनी त्याला इस्त्रीसाहेब नाव ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं कागदोपत्री चोख लागायचं. चहाच्या गप्पांत वेळ जातो म्हणून त्याने पाळ्यांमध्ये तासाभराचं अंतर टाकलं. रात्रपाळी सहाला सुटणार, दिवसपाळी सातला लागणार. मधला पूल म्हणजे रिपोर्ट. तो फोनवरच्या ॲपमध्ये भरायचा, आणि इंग्रजीतच.

बाबांचा फोन जुना, त्यावर ते ॲप चालेना. त्यामुळे घरी आल्यावर ते मास्तरणीच्या फोनवर रिपोर्ट लिहायचे. पहिल्याच आठवड्यात साहेबाने बाबांचा एक रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला होता. पंप चालू होईना असं लिहायच्या ऐवजी बाबांनी पंपाला चालता येत नाही असं काहीतरी लिहिलं होतं. माणसं पोट धरून हसली. बाबा घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून रिपोर्ट ते लिहायचे, ती सुधारायची आणि तीच पाठवायची. याची वाच्यता दोघांनी कुठेच केली नव्हती, मामाकडेसुद्धा नाही.

त्या दिवशी बाबा साडेसहाला आले ते फारच थकून. डोळे लाल, बाही कोपरापर्यंत काळी. रिपोर्टचे चार शब्द कसेबसे टाइप करून त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि हात धुवायला गेले. मोरीत बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

"निघत नाहीये मेलं," ते आतून पुटपुटले.

तिचं लक्ष नव्हतं. तिला वेणी घालायची होती, डबा भरायचा होता, आणि सात पस्तीसची बस चुकवायची नव्हती. तिने रिपोर्टवर नजर टाकली. पंप तीन, केबल, आणि पुढे 'इन्सोलेटेड'. शेवटी, दिवसपाळीने केबल बदलावी. बस्स.

'इन्सोलेटेड' असा शब्द पंपघरात कोण वापरणार? तिचा अंगठा आपोआप हलला. स्पेलिंगमधलं एक अक्षर, 'एन', गाळलं आणि शब्द झाला 'आयसोलेटेड'. हा शब्द तिला ठाऊक होता. दवाखान्यात रोग्याला वेगळं ठेवतात त्याला म्हणतात, बाबांच्या तोंडूनही कधीतरी ऐकलेला. मग तिने वाक्यही नीट बसवलं: तीन नंबर पंपाची केबल आयसोलेट करण्यात आली आहे, कृपया दिवसपाळीत ती बदलून घ्यावी. वाचायला कसं सफाईदार वाटत होतं. तिने ते पाठवून दिलं.

"बाबा, पाठवला हं," ती दारातून ओरडली.

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी आपला फोन बंद केला, खोलीचा पडदा ओढला आणि आडवे झाले.

छापखान्यात त्या दिवशी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाचं काम होतं. दहा वाजून गेल्यावर तिने वेळ बघायला फोन उचलला तर तो बोटांना चिकटला. पाठीमागच्या कव्हरवर काळा डिंकासारखा डाग होता. नखाने खरवडला तरी निघेना, नुसता पसरला. रॉकेलचा आणि रबराचा वास आला. लहानपणापासून ओळखीचा वास. इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा डिंक. बाबांच्या हातावरून फोनला लागला होता. सकाळी मोरीत जे निघत नव्हतं ते हेच.

तिने फोन बाजूला ठेवला आणि पुढचं पान ओढलं. दोन ओळी वाचल्या. काय वाचलं ते कळलं नाही. पुन्हा वाचल्या.

टेप कशाला लागली?

वीजच तोडून ठेवली असेल, तर केबलीला टेप कशाला गुंडाळायची? बदलायचीच आहे ना ती?

ती उठून शब्दकोशाच्या फळीकडे गेली. जाताना सावकाश चालली, पण पान उलटताना हात भराभर चालायला लागले. 'आयसोलेट': वेगळं करणं, जोड तोडणं, विजेच्या बाबतीत, पुरवठ्यापासून पूर्ण तोडणं. हे बरोबर. मग तिने आधीची पानं उलटली. 'इन्सुलेट': वीज किंवा उष्णता बाहेर येऊ नये म्हणून आवरण घालणं. खाली बारीक अक्षरात दिलं होतं की दोन्ही शब्द 'बेट' या एकाच मुळातून आलेले आहेत. एकाच आईची दोन लेकरं. तिने बाबांचा शब्द मनात पुन्हा लिहून पाहिला. 'इन्सोलेटेड'. एक अक्षर गाळलं तर 'आयसोलेटेड'. एक अक्षर बदललं, 'ओ'चा 'यू' केला, तर 'इन्सुलेटेड'. बाबांनी केबल झाकली होती. तिने ती तोडलेली आहे असं लिहून पाठवलं होतं.

शब्दकोश तसाच उघडा टाकून ती फोनकडे धावली.

कारण तीन नंबरचा पंप कसा आहे ते तिला ठाऊक होतं. जेवताना बाबा दुसरं बोलायचेच कशाबद्दल! एक आणि दोन नंबर सतत चालणारे. तीन नंबर मदतीचा, आपोआप चालणारा. उंच टाकीतलं पाणी नऊ फुटांवर आलं की तो स्वतःहून सुरू व्हायचा, कुणी बटण दाबायला नको. "न बोलावता उठणारा पाहुणा," बाबा म्हणायचे. बंद असताना त्याच्या केबलीला टेस्टर लावला तर दिवासुद्धा लागणार नाही. मेलेली वाटेल. आणि मामा टेस्टर लावूनच बघणार, दिवा लागला नाही की खुशाल हात घालणार. वर मेन स्विच मात्र चालूच. सकाळभर गाव अंघोळी करणार, कपडे धुणार, टाकीतलं पाणी फुटाफुटाने खाली येत जाणार.

तिने बाबांना फोन लावला. बंद. मामाला लावला. वाजत राहिला. पंप तळघरात होते, लोखंडी जिन्याच्या चाळीस पायऱ्या खाली. तिथे फोन लागत नाही म्हणून मामा तो वर कपाटातच ठेवायचा. साहेबाचा नंबर बाबांनी लिहून ठेवला होता. तो लावला, दोन वेळा वाजून कापला गेला. अनोळखी नंबर साहेब घेत नसे. शेवटी पंपघराच्या फाटकावरचा फोन लागला.

"मी रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनची मुलगी बोलतेय," ती म्हणाली. "तीन नंबरवर काम चाललंय का?"

"हो की," फाटकावरचा शिपाई निवांत होता. "तुझा मामा नऊलाच खाली गेलाय हत्यारं घेऊन."

"त्याला थांबवा. आत्ताच्या आत्ता. लाइन चालू आहे."

"कशी चालू असेल? वीज तोडलीय असं साहेबच म्हणाले. रिपोर्ट आलाय."

"रिपोर्ट चुकलाय! काका, पाया पडते, खाली जाऊन सांगा."

"अगं, मला फाटक सोडता येत नाही. सोडलं की नोटीस. साहेबांकडे निरोप देतो, ते मीटिंगमधून आले की..."

तिने फोन ठेवला, पर्स उचलली आणि जिना उतरली. छापखान्याच्या मालकांनी मागून काहीतरी विचारलं. "मामा!" एवढंच ती ओरडली. रस्त्यावर टॅक्सी मिळाली. चालकाला पत्ता सांगून ती 'लवकर, लवकर' म्हणत राहिली.

"कुणी आजारी आहे का बाई?" त्याने आरशातून विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात ठेवला.

पहिला सिग्नल सुटला, दुसरा लाल मिळाला. रस्त्याकडेला एक बाई रबरी नळीने गाडी धूत होती. पाण्याची जाड धार टपावरून वाहत गटारात जात होती. पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या, दहा-बारा तरी. मास्तरणीला त्या चादरी बघवेनात. आज अख्खं गाव धुवायलाच बसलंय, असं तिला वाटलं. नळी धरलेल्या त्या बाईला खिडकीतून ओरडून सांगावं, बंद कर गं ते पाणी, माझ्या मामाचा जीव आहे त्यात. सिग्नल सुटला.

फाटकावर तिने शिपायाचं ऐकून घेतलंच नाही. तो "अगं अगं" करत दोन पावलं मागे आला आणि पुन्हा फाटकापाशी जाऊन उभा राहिला. लहान असताना ती बाबांचा डबा घेऊन इथे यायची. वाट पायांना पाठ होती: डावीकडे कपाटांची खोली, समोर काचेच्या दाराची पॅनलची खोली. साहेब मीटिंगमधून नुकताच आलेला, पॅनलसमोर उभ्यानेच कॉफी पीत होता.

"कोण आपण? इथे असं येता येत नाही."

"तीन नंबर बंद करा. खाली माणूस आहे."

"माहीत आहे मला," साहेब शांतपणे म्हणाला. "तीन नंबर आयसोलेटेड आहे. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय. इतकं स्पष्ट ते पूर्वी कधी लिहीत नव्हते."

"ते त्यांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय."

साहेबाचा कप ओठांपाशीच राहिला.

"बाबांचं इंग्रजी मी सुधारते, रोज. त्यांनी केबल झाकलीय असं लिहिलं होतं, मी तोडलीय असं केलं. शब्द जवळजवळ सारखा आहे हो! वर स्विच कुणी ओढलेला नाही. त्यांनी नुसती टेप मारलीय."

साहेबाने मान वळवून पॅनलकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. वरच्या चौकटीत टाकीची पातळी लाल आकड्यांत दिसत होती. नऊ पूर्णांक एक. तीन नंबर बंद ठेवायचा की आपोआप चालू द्यायचा ते ठरवणाऱ्या खुंटीचं टोक 'ऑटो'कडे होतं. सकाळपासून ते तिथेच असणार. रिपोर्ट असल्यावर खुंटीकडे कोण बघतो?

"माय गॉड," साहेब म्हणाला. त्याने कप ठेवायला जागा शोधली. त्या एका क्षणासाठी तिने पुढे त्याला कित्येक दिवस माफ केलं नाही. जमिनीवर टाकायचा, हातातून सोडून द्यायचा, पण तो माणूस कप ठेवायला जागा शोधत होता. आकडा बदलला. नऊ. तीन नंबरचा हिरवा दिवा लागला.

खालून पंप सुरू झाल्याचा नेहमीचा आवाज आला नाही. काहीतरी गुरगुरलं, मग सुतळी बॉम्ब फुटावा तसा एकच फटका बसला आणि खोलीतले दिवे मिचकले. तेवढ्यात साहेबाची मूठ मोठ्या लाल बटणावर आदळली होती. कप फुटला. एक, दोन, तीन, सगळे पंप थांबले. तीस वर्षांत कधी नव्हती अशी शांतता त्या इमारतीत पसरली.

ती जिन्याकडे धावली. चाळीस पायऱ्या. खाली दिवे गेले होते, धूर होता, जळक्या रबराचा वास घशाला झोंबत होता.

"मामा!"

ती भिंत चाचपत पुढे सरकली.

"मामा!"

"ओरडू नकोस गं," अंधारातून आवाज आला. "कान फाटलेत माझे."

साहेब मागून बॅटरी घेऊन आला. मामा भिंतीला टेकून बसला होता, पाय समोर पसरलेले. भुवया जळून गेल्या होत्या, चेहरा काजळीने माखलेला. उजवा हात त्याने डाव्या हाताने मनगटापाशी गच्च धरला होता आणि तो हात बघण्यासारखा नव्हता. तीनपैकी दोन वायरी सोडवून तो तिसरीच्या नटाला हात घालणार, तेवढ्यात डोळ्यांत घाम गेला म्हणून मागे सरकला होता. पाना नटावरच राहिला होता. त्या पान्याचं टोक आता वितळलेलं होतं.

"भाऊजींनी तर तोडलीय म्हणून लिहिलं होतं," मामा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून हात घालतो. असं कसं झालं?"

मास्तरीण त्याच्याजवळ ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. त्याचा तो हात तिने कोपराखालून आपल्या ओंजळीत तोलून धरला.

रुग्णवाहिका गेल्यावर ती घरी आली. पंपघरातून कुणी यायच्या आत बाबांना आपणच सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. तिने पडदा सारला. बाबा कुशीवर झोपले होते, बोटांवर अजून काळं होतं. तिने त्यांना उठवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "जिवंत आहे ना?"

"आहे. हात भाजलाय."

ते चप्पल शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना. मग मध्येच थांबून ते म्हणाले, "साहेबाला सांगितलंस? रिपोर्ट तू लिहितेस म्हणून?"

"सांगावं लागलं."

"सगळ्यांना कळलं असेल."

"बाबा, मामा मेला असता."

"ते कळतंय मला!" बाबांचा आवाज एवढा चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. "तो मेला असता आणि सगळं गाव म्हणालं असतं, मेहुण्याने मारला. मी झाकली असं लिहिलं होतं. दोन वेढे टेप मारून झाकली. चुकीचं लिहिलं असेल, पण मनात बरोबर होतं. तू माझा शब्द बदललास. मला विचारायला तोंड नव्हतं तुला? मी दहा पावलांवर मोरीत होतो."

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून मी विचारत नाही कधी."

बाबा खाटेवर बसले. एक चप्पल पायात, एक नाही.

"वाटली असती," ते म्हणाले. "आठ महिने वाटतेच आहे. लाजेने माणूस मरत नाही गं."

चौकशी पाच दिवसांनी झाली. वरच्या ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, समोर कागद. मामा हाताला भलंमोठं बँडेज घालून आला होता, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना. मूळ शब्द काय होता याचा पुरावा कुठेच नव्हता. ॲपमध्ये होता तो तिने पाठवलेला सफाईदार मजकूर, आणि त्यावर बाबांचं नाव. तिने ते पुन्हा एकदा सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

"म्हणजे चूक कर्मचाऱ्याच्या मुलीची," साहेब म्हणाला. त्याचा आवाज मात्र पहिल्यासारखा ताठ नव्हता.

"एक विचारू का?" मामा मध्येच बोलला. "मेन स्विचच्या खोलीची किल्ली कुठे असते?"

साहेबाने पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"तुमच्या कपाटात असते. पूर्वी ती खिळ्याला लटकलेली असायची. मी खाली उतरायच्या आधी वर जायचो, स्विच ओढायचो, माझं कुलूप घालायचो आणि किल्ली खिशात टाकायचो. मग कुणी काहीही लिहिलेलं असो. त्या दिवशी मी किल्ली मागितली, तुम्ही म्हणालात, रिपोर्ट आहे ना. खुंटीसुद्धा कुणी फिरवून ठेवली नाही." त्याने बँडेजचा हात टेबलावर ठेवला. "पोरीने एक अक्षर गाळलं. तुम्ही माझं कुलूप गाळलंत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "त्या रात्री नेमकं काय केलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा. कुठल्या का भाषेत असेना."

बाबा उभे राहिले. आपल्या भाषेत त्यांनी दहा मिनिटं सांगितलं: केबल कुठे घासली, ठिणगी कधी दिसली, पंप पूर्ण बंद का ठेवला नाही, टेप किती वेढे मारली, ती सकाळपर्यंत टिकेल असं का वाटलं. कुणी हसलं नाही. मास्तरणीने बाबांना कामाबद्दल असं सलग बोलताना प्रथमच ऐकलं, आणि तिच्या लक्षात आलं की आठ महिन्यांत तिने त्यांचे रिपोर्ट सुधारले खरे, पण वाचले एकदाही नव्हते.

निकाल लागला तो असा. किल्ली खिळ्यावर परत आली. पाळ्यांमधला तास गेला, आणि रिपोर्ट ज्याला जमेल त्या भाषेत लिहायची मुभा मिळाली. साहेबाची बदली झाली. दुसऱ्याकडून रिपोर्ट भरून घेतला म्हणून बाबांना ठपका मिळाला आणि उरलेले महिने त्यांना सामानाच्या कोठीत बसवलं. पंपांना हात लावायचा नाही. त्यांनी तक्रार केली नाही. पण संध्याकाळी जेवताना आता ते पंपांबद्दल बोलत नाहीत, आणि ताटावरची ती शांतता तिला जड जाते.

मामाची दोन बोटं पुरती वळत नाहीत. तो तिच्यावर रागावला नाही. "मास्तरणीने माझ्या भुवया खोडल्या," असं म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हसवायचा. रागावली ती मामी. दवाखान्याच्या दारात ती मास्तरणीला एवढंच म्हणाली, "तुझं बरोबर असणं आम्हाला फार महाग पडलं," आणि आत निघून गेली. पुढचे दीड महिने मास्तरीण दर दोन दिवसांनी मामाकडे जायची, दार मामाच उघडायचा, आणि मामी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

मग एका दुपारी दार मामीने उघडलं. मामा झोपला होता. मामीने तिला आत घेतलं, कपाटावरून एक कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. दवाखान्याचा होता, इंग्रजीत, बोटांच्या व्यायामाबद्दल आणि एका नव्या मलमाबद्दल.

"त्यांना हे डॉक्टरी इंग्रजी कळत नाही, मला तर नाहीच नाही," मामी म्हणाली. तिची नजर कागदावरच होती. "वाच. आणि जे कळणार नाही ते कळलं नाही म्हणून सांग."

मास्तरणीने कागद खिडकीपाशी नेला. पहिल्यापासून सावकाश वाचला, मग पुन्हा वाचला. व्यायाम तिने मामीला हाताने करून दाखवले. दिवसातून किती वेळा, ते सांगितलं. मलमाच्या ओळीपाशी आल्यावर ती थांबली.

"इथे एक शब्द आहे. जखमेवर लावायचं की जखमेच्या कडेने, ते मला नक्की कळत नाहीये."

मामी तिच्याकडे बघत राहिली. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

"मग?"

"दवाखान्यात फोन करून विचारते."

"कर," मामी म्हणाली, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढून आणायला आत गेली.